लखनौचे वसिके आणि जन्मभराचे औषध

लखनौचे अमीनाबाद बाहेरच्यांना ठाऊक असते ते चिकनच्या कुर्त्यांमुळे, टुंडे कबाबांमुळे आणि सणासुदीला मुंगीलाही वाट मिळू नये अशा गर्दीमुळे. औषधाच्या धंद्यातला माणूस मात्र ते घाऊक बाजार म्हणून ओळखतो. अवधचा बादशहा अमजद अली शाह 1842 ते 1847 गादीवर होता. त्याचा वजीर इमदाद हुसेन खान, किताब अमीनुद्दौला, याच्या नावाने ही वस्ती उभी राहिली आणि पुढे तिच्या गल्ल्यांत औषधांचे स्टॉकिस्ट येऊन बसले. आसपासच्या गावांतले केमिस्ट इथून माल उचलतात. तापाच्या गोळ्या, प्रतिजैविके, मधुमेहाची औषधे, खोकल्याची सिरपे यांचे खोके आत येतात आणि लगोलग बाहेर पडतात. जे खपते तेच भरायचे, हा या बाजाराचा नियम. मुदत संपायच्या आत गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसलेल्या मालात कोणी पैसा अडकवत नाही आणि त्याबद्दल व्यापाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराचे औषध अशा फळीवर येत नाही, रुग्णाच्या नावाने मागवावे लागते. त्याची सोय बाजाराबाहेर, म्हणजे सरकारदरबारी, लावावी लागते. ती सोय आपल्या सरकारांनी कशी लावली आणि ती पुन्हापुन्हा का कोलमडते, हे समजून घ्यायला लखनौचाच जुना इतिहास उपयोगी पडतो. या शहराने देण्याच्या दोन रीती जवळून पाहिल्या आहेत. दुर्मिळ आजारांच्या बाबतीत आपण त्यांतली नेमकी चुकीची रीत उचलली, असे माझे म्हणणे आहे.

पहिली रीत आसफुद्दौलाची. 1775 मध्ये त्याने राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. 1784 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा हजारो हातांना काम मिळावे म्हणून त्याने बडा इमामबाडा बांधायला काढला. ज्याला देव देत नाही त्याला आसफुद्दौला देतो, अशा अर्थाची म्हण लखनौत अजून ऐकू येते. हे औदार्य खोटे नव्हते आणि त्याने माणसे जगली, यात शंका नाही. पण ते देणाऱ्याच्या मर्जीचे होते. काम संपले की मजुरी संपली, नवाब गेला की मर्जी गेली. मराठी वाचकाला पेशव्यांच्या पुण्याचा श्रावणातला दक्षिणेचा रमणा आठवेल. रांगेत उभे राहायचे, हातावर नाणी पडली की दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे, पुढचे पुढे. ज्याच्या नावे सनद होऊन वर्षासन लावून दिलेले असे, त्याची गोष्ट निराळी होती. त्याला दरसाल आपली पात्रता नव्याने पटवून द्यावी लागत नसे.

लखनौत या वर्षासनाचे मोठे भावंड म्हणजे वसिका. फैजाबादच्या बहू बेगमने आपल्या माघारी आश्रितांचे हाल होऊ नयेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली संपत्ती करून त्यांच्या तनख्याची व्यवस्था केली. 1814 मध्ये नेपाळच्या युद्धासाठी कंपनीला पैशाची निकड होती. तेव्हा अवधचा नवाब गाजीउद्दीन हैदर याने तिला एक कोटी रुपये शेकडा 6 दराने दिले. 1825 मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धापायी तिला पुन्हा हात पसरावा लागला, तेव्हा आणखी एक कोटी शेकडा 5 ने दिले. मुद्दल परत मागायचेच नव्हते. त्याचे व्याज ठरवून दिलेल्या माणसांना आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना कायम मिळत राहायचे होते. हे लिहून घेणाऱ्या दोन्ही बाजूंना त्या कागदाच्या आयुष्याचा अंदाज नसावा. 1856 मध्ये कंपनीने अवधच खालसा केले, पुढच्याच वर्षी बंड झाले, कंपनी बुडाली, राणीचे राज्य आले आणि गेले, जमीनदाऱ्या गेल्या, 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. वसिका चालूच राहिला. लखनौत त्याचे कार्यालय आजही आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन काही वारसांच्या वाट्याला मोजून काही रुपये येतात, तरी ते येऊन घेऊन जातात. ज्या सरकारांनी राजमुकुट उतरवले त्यांना हे किरकोळ व्याज का बंद करता आले नाही? कारण ते कृपा म्हणून लिहिलेले नव्हते. ते देणे म्हणून लिहिलेले होते आणि देणे फेडले नाही तर ते बुडवल्याचा दोष लागतो.

आता आजाराकडे येऊ. 1882 मध्ये पॅरिसमध्ये फिलिप गोशे या तरुण डॉक्टरने प्लीहा बेसुमार वाढलेल्या एका स्त्रीची नोंद केली. त्याच्या नावाचा हा आजार आपल्याकडे सर्रास ‘गौचर’ म्हणून ओळखला जातो. पेशींतला एक विशिष्ट मेदयुक्त पदार्थ मोडून टाकणारे वितंचक (एन्झाइम) शरीरात जन्मतःच अपुरे असते, तो पदार्थ साठत जातो, प्लीहा आणि यकृत फुगतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. आता गोशेच्या काळातल्या अवधची कल्पना करावी. उत्तरेला तराई, तराईत हिवताप आणि हिवतापाने वाढलेल्या प्लीहांची पोरे गावोगाव. तिथे पोट पुढे आलेल्या एखाद्या मुलाचा आजार निराळा आहे हे ओळखणार कोण आणि कशाने? लखनौतल्या झवाई टोल्याच्या हकिमांची नाडीपरीक्षा नावाजलेली होती. हकीम अब्दुल अजीज यांनी 1902 मध्ये तिथे तकमील-उत-तिब ही पाठशाळा काढली, तिच्यातून युनानी वैद्यकाच्या पिढ्या शिकून निघाल्या. 1911 मध्ये किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज सुरू झाले, सूक्ष्मदर्शक आले. पण दोन्हीकडे तोंड द्यायचे होते ते पटकी, प्लेग, देवी, क्षय यांच्याशी. नेहमीचे आजार ओसरू लागल्यावरच दुर्मिळ आजार उघडे पडतात. म्हणून दुर्मिळ आजार हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे, ही समजूत फसवी आहे. गरीब देशात त्यांचे रुग्ण दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली मरत होते.

उघडे पाडण्याचे काम लखनौत झाले ते अमीनाबादपासून दूर, रायबरेली रस्त्यावर. 1980 मध्ये राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेची पायाभरणी केली. लोक तिला पीजीआय म्हणतात. तिथे डॉ. एस. एस. अग्रवाल यांनी वैद्यकीय जनुकशास्त्राचा विभाग उभा केला, तोही ज्या काळात आपल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाला स्वतंत्र खोलीसुद्धा नव्हती. या विषयातला डी.एम. अभ्यासक्रम देशात सुरुवातीला चालवणाऱ्या मोजक्या संस्थांत ही एक होती. डॉ. शुभा फडके यांनी अनेक वर्षे विभागाचे प्रमुखपद सांभाळले. उत्तर भारतातल्या दुर्मिळ आजारांच्या निदानाच्या इतिहासात एक मराठी नाव इतक्या ठळकपणे यावे आणि महाराष्ट्रात ते वैद्यकाबाहेर फारसे कोणाला माहीत नसावे, हे आपल्याला शोभत नाही. तिथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर देशभर पसरले. थोडक्यात, निदान करण्याची संस्था आपण चिकाटीने आणि सरकारी पैशातूनच उभारली. पगार दरमहा, प्रयोगशाळेचा खर्च दरसाल, जागा कायमची. निदानानंतरच्या उपचाराची पाळी आली तेव्हा मात्र आपण आसफुद्दौलाच्या रीतीवर गेलो.

अर्थात उपचार महाग आहे आणि तो महाग का आहे हेही पाहायला हवे. अमेरिकेने 1983 मध्ये कायदा करून दुर्मिळ आजारांवर औषध काढणाऱ्या कंपन्यांना करसवलती आणि सात वर्षांची मक्तेदारी दिली. त्याआधी या औषधांना कोणी वाली नव्हता. त्यांना अनाथ औषधे म्हणत ते त्यामुळेच. गौचरवरचे वितंचक 1991 मध्ये बाजारात आले. सुरुवातीला ते बाळंतपणात पडणाऱ्या हजारो वारांतून गाळून काढावे लागे. 1994 पासून ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून मिळू लागले, पण किंमत खाली आली नाही. आता मात्रेचा हिशेब बघा. दर पंधरवड्याला वजनाच्या किलोमागे 60 युनिट ही एक प्रचलित मात्रा आणि कुपी 400 युनिटांची. दहा किलोच्या मुलाला एका खेपेस 600 युनिट, म्हणजे दीड कुपी लागते आणि वर्षाच्या 26 खेपांना 39 कुप्या. तेच मूल बरे वाटू लागले, जेवू लागले, वीस किलोचे झाले की वर्षाला 78 कुप्या. म्हणजे औषध लागू पडले याची खूणच खर्च दुप्पट करते. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारांवरच्या धोरणातही हे मान्य केले आहे. काही दुर्मिळ आजारांत दहा किलोच्या मुलाचा वार्षिक खर्च 10 लाखांपासून एक कोटीच्या वर जाऊ शकतो, उपचार जन्मभर चालतो आणि वय व वजन वाढेल तसा खर्चही वाढतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

आणि एवढे लिहून झाल्यावर त्याच धोरणाने मदत एकरकमी ठेवली. त्याचा क्रम थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गौचर असलेल्या, एका रिक्षाचालकाच्या मुलाला सरकारी खर्चाने वितंचक देण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या रेट्यातून 2017 मध्ये केंद्राने पहिले धोरण आणले. त्यात 100 कोटींच्या कायम निधीची कल्पना होती, राज्यांनी 40 टक्के वाटा उचलायचा होता. वसिक्याच्या जवळ जाणारे असे आपल्याकडे तेवढेच काय ते घडले आणि 2018 च्या अखेरीस ते स्थगित झाले. मार्च 2021 मध्ये नवे धोरण आले. त्याने आजारांचे तीन गट पाडले. एकदाच उपचार करून भागणारे पहिल्या गटात, दीर्घकाळ पण तुलनेने स्वस्तात सांभाळता येणारे दुसऱ्यात, आणि ज्यांवर औषध आहे पण ते महाग व जन्मभराचे आहे असे तिसऱ्यात. सुरुवातीला 20 लाखांपर्यंतची मदत फक्त पहिल्या गटाला होती. तिसऱ्या गटासाठी, म्हणजे ज्यांना सर्वांत अधिक गरज त्यांच्यासाठी, लोकवर्गणीचे संकेतस्थळ काढण्यात आले. मे 2022 मध्ये मर्यादा 50 लाखांवर नेऊन तिन्ही गटांना लागू केली. देशात सुरुवातीला आठ उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली, त्यांत लखनौचे पीजीआय होते आणि मुंबईचे केईएमही. केंद्र नेमले, निदान झाले, अर्ज गेला, पैसे आले, औषध सुरू झाले. मग एके दिवशी 50 लाख संपतात. मूल मोठे होत असेल तर लवकर संपतात. औषध थांबले की साठलेला पदार्थ पुन्हा साठू लागतो, प्लीहा पुन्हा वाढते. सरकारचे पन्नास लाख वाया आणि मूलही जिथे होते तिथे. अर्धवट उपचारासारखी दुसरी उधळपट्टी नाही, हे हिशेबनीसाच्याही लक्षात यायला हवे होते.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की ज्या राज्यात 2005 मध्ये गोरखपूरच्या पट्ट्यात मेंदूज्वराने हजाराहून अधिक जीव गेले, त्या राज्याने एका मुलावर वर्षाला अर्धा-पाऊण कोटी घालावा काय? त्या पैशात किती लसी येतील, किती पाणीयोजना होतील? हा प्रश्न निष्ठुर नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भावनेने देऊ नये. पहिली गोष्ट, सरकार हा पैसा आजही घालतेच आहे, फक्त अर्ध्यावर सोडून देते. मुळीच न देणे आणि पुरते देणे यांतला वाद एकवेळ समजू शकतो. अर्धे देण्याच्या बाजूने मात्र कोणताच युक्तिवाद उभा राहत नाही. दुसरी गोष्ट आकड्याची. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारायला सांगितले, तेव्हा 2024-25 आणि 2025-26 या दोन वर्षांसाठी मिळून 974 कोटींची रक्कम त्यात होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा एका वर्षाचा अर्थसंकल्प तेव्हा सुमारे 90 हजार कोटींचा होता. लसींच्या तोंडचा घास काढून घ्यावा लागेल इतका हा वाटा मोठा नाही. आणि तिसरी गोष्ट किमतीची. आक्षेप घेणारे किंमत ही निसर्गाने ठरवून दिल्यासारखे बोलतात, ती तशी नसते.

अमीनाबादचा घाऊक बाजार आज जो आहे तो होण्यात 1970 च्या पेटंट कायद्याचा मोठा हात आहे. त्या कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट काढून टाकले, देशी कारखान्यांनी तीच औषधे आपल्या पद्धतीने बनवली आणि स्टॉकिस्टांच्या फळ्या भरल्या. 2005 मध्ये जागतिक व्यापार कराराखातर पदार्थावरचे पेटंट परत आले. पण त्यातही फटी आहेत आणि सरकारने मनावर घेतले तर मोठ्या वाटाही आहेत. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणाऱ्या एसएमए या आजारावर रिस्डिप्लाम नावाचे तोंडाने घ्यायचे औषध आहे. त्याची बाटली सुमारे सहा लाख रुपयांना मिळत होती. रोश कंपनीचा मनाईहुकुमाचा अर्ज 2025 मध्ये न्यायालयांनी फेटाळला आणि हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध 15,900 रुपयांना आणले. सहा लाखांच्या हिशेबाने जे रुग्ण ‘परवडत नाहीत’ म्हणून नाकारले जात होते, त्यांचा हिशेब एका महिन्यात बदलला. रुग्णांची संख्या आधीपासून माहीत असलेले आणि पुढची वीस वर्षे हमखास खरेदी करणारे सरकारसारखे गिऱ्हाईक उभे राहिले, तर कंपनीशी घासाघीस करायला बळ येते. 50 लाखांची एकेक पुडी फाडणाऱ्या सरकारशी कोणती कंपनी दर कमी करायला बसेल? कायम निधीचा हा फायदा दानाच्या बाजूचा नाही, तो निव्वळ खरेदीचा आहे. अमीनाबादच्या कोणत्याही मुरलेल्या व्यापाऱ्याला तो पटेल.

दुसरा आक्षेप वसिक्यावरच येईल. बेगमा, त्यांच्या दाया, खोजे आणि नातलग यांच्या सोयीसाठी लावलेली सरंजामी व्यवस्था आजच्या लोकशाहीने का गिरवावी? शिवाय ती यशस्वी तरी कुठे झाली? दीडदोनशे वर्षांत रुपयाचे मोल गेले, वाटे पडत गेले आणि उरले ते रिक्षाभाड्यालाही न पुरणारे व्याज. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. वसिका गरज पाहून दिलेला नव्हता, नाते पाहून दिलेला होता. पण जुन्या पैशाचे पात्र बदलता येते. पेशव्यांच्या दक्षिणेतूनच 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे त्याच दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. घ्यायची ती वसिक्याची घडण: मुद्दल अलग, देणे वार्षिक, आणि 31 मार्चला रद्द न होणारे. दुर्मिळ आजारांसाठी मंजूर झालेला पैसा खर्चाविना परत गेल्याचे उच्च न्यायालयासमोर निघाले होते, हे इथे विसरता येत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग तर माझ्या बाजूनेच बोलतो. ठोक आकड्यात बांधलेले वचन काळ खाऊन टाकतो, हे वसिकेदाराने पिढ्यान्‌पिढ्या सोसले. मग वजनाबरोबर वाढणाऱ्या आजारासाठी 50 लाख असा ठोक आकडा घालताना आपण त्याच्याकडून काही शिकलो काय? निधी कुप्यांत मोजावा, रुपयांत नव्हे.

राहिला केंद्र आणि राज्य यांच्यातला चेंडू. आरोग्य हा राज्याचा विषय, राज्ये वाटा द्यायला नाखूश, म्हणून 2017 चे धोरण अडले असे म्हणतात. पण लखनौपासून दोन-अडीच तासांवरच्या कानपुरात 24 फेब्रुवारी 1952 रोजी पंडित नेहरूंनी कर्मचारी राज्य विमा योजना सुरू केली, त्याच दिवशी ती दिल्लीतही लागू झाली. गिरणीकामगाराच्या पगारातून काही पैसे, मालकाकडून काही, कायदा केंद्राचा, दवाखाने राज्यांचे. 1952 मध्ये गौचरचे नाव कानपुरात कोणाला माहीत असण्याचा संभव नाही. तरी पुढे याच योजनेतून विमाधारक कामगारांच्या मुलांना वितंचक मिळाले, कारण कामगार तिथे याचक म्हणून येत नव्हता, वर्गणीदार म्हणून येत होता. हिमोफिलियाचेही तसेच. रक्त न गोठण्याच्या या आजाराला 2016 च्या कायद्याने अपंगत्वाच्या यादीत घेतले आणि उत्तर प्रदेशात काय, महाराष्ट्रात काय, रक्त गोठवणारा फॅक्टर सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतो. साठा संपतो, इंजेक्शनासाठी लांबचा प्रवास पडतो, तक्रारी असतात. पण अमुक रुपयांचा फॅक्टर घेऊन झाला, आता रक्त वाहू द्या, असे त्या रुग्णाला कोणी सांगत नाही. तेच रुग्णालयाचे आवार, तेच जनुकशास्त्र, तेच राज्य सरकार. फरक एवढाच की फॅक्टर खरेदीच्या वार्षिक यादीत बसला आणि वितंचक मदतीच्या अर्जात अडकले. 50 लाखांच्या मर्यादेचा वाद आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. तिथे आकडा 50 चा 70 झाला काय नि 80 झाला काय, पीजीआयच्या फायलीत शिल्लक रकमेचा रकाना असेल तोवर तो शून्याकडेच सरकत राहणार. तो रकाना काढून तिथे दर तिमाहीच्या कुप्यांची संख्या लिहिता येईल असा नियम करायला नवा शोध लागत नाही, वित्त विभागाची एक सही लागते.